वाळवणाचे दिवस

पहाटे ५:३०

गजर वाजायच्या आतच स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज होतो. सासूबाईंनी वरचं निवळ अलगद ओतून टाकलंय आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक पळीने हलवून बघतायत. गहू शनिवारी भिजले, तीन दिवस त्यांचं पाणी रोज बदललं, काल वाटून-गाळून चीक रात्रभर बसवला. आज कुरडया.

"उठलीस? ये, ढवळायला घे. गुठळी होता कामा नये."

एप्रिलची बावीस तारीख, बुधवार. आमच्या घरशाळेच्या वर्षाचे नऊ दिवस उरलेत. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. थोरली दुसरीपर्यंत शाळेत गेली, धाकट्याने शाळा फक्त बाहेरून पाहिली आहे. आमचं वर्ष जूनच्या पहिल्या पावसाला सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं. संपतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र चार वर्षांत मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. शाळेचं वर्ष संपताना पेपर होतात, वर्ग झाडले जातात, एक मेला झेंडावंदन होऊन निकाल हातात पडतो. आमचं वर्ष उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं नुसतं वाकत जातं. जूनमध्ये नव्या वह्यांना हौसेने कव्हरं घालणारी मी एप्रिलमध्ये हरवलेलं खोडरबर शोधायलाही उठत नाही.

मुलांचा हुरूप कसा टिकवायचा, असं लोक विचारतात. माझा कसा टिकवायचा, हे कुणी विचारत नाही.

६:३०

जेवढा चीक तेवढंच पाणी. त्यात मीठ, हिंग. आधण आलं की एकाने धार धरायची आणि दुसऱ्याने हात न थांबवता ढवळायचं. चीक शिजून चकचकीत झाला की लगेच सोऱ्यात. धाकट्याला एरवी सातला ओढून उठवावं लागतं, आज वासावर उठला. वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर, आणि माणूस गच्चीच्या पायरीवर बसलेला.

एरवी रोज तो उठला की आम्ही तासभर टेकडीवर असतो. तांबटाचं टुक-टुक कुठल्या झाडावरून येतंय ते शोधायचं, बहाव्याला कळ्या धरल्या का ते बघायचं. सासूबाई या तासाला 'तुमची कुरणशाळा' म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावरच शाळा नेली, तिचं हे नाव. सासूबाईंनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य मला पाठ आहे: "पण ती पोरं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्याकडे गेली. आपली येऊ शकतात."

आज त्या ते बोलल्या नाहीत. त्यांचं लक्ष थोरलीच्या सोऱ्याकडे होतं. "गोल फिरव. तुटू देऊ नकोस. हां."

गच्चीच्या मधोमध थोरलीची बादली आहे. बादलीत वाळू, वाळूत बरोबर एक मीटर वर राहील अशी काठी. दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने ती सरळ उभी केली आहे. काठीच्या उत्तरेला खडूने चौकोन आखून तिने लिहिलंय: 'येथे कुरडया घालू नयेत.' सासूबाईंनी प्लॅस्टिकचा कागद खडूच्या रेघेपर्यंत आणला आणि तिथे काटेकोर दुमडला. ज्या बाईला आमची शाळा मान्य नाही, तिने आमच्या प्रयोगशाळेची हद्द मानली.

८:१५

धाकट्याला घेऊन दूध आणायला खाली गेले, तर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. सोसायटीत सध्या दोन ऋतू एकदम चालू आहेत. राज्य मंडळाच्या शाळांतली मुलं परीक्षेच्या घाईत, आणि सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष सुरू होऊन नवी दप्तरंही मळली. काकू धाकट्याला विचारतात, "काय रे, परीक्षा संपली का?"

"आमची नसते."

मग त्या माझ्याकडे बघतात. दर एप्रिलला बघतात. "मग पुढच्या इयत्तेत घालता कसं?"

चार मजल्यांत मावेल असं उत्तर माझ्याकडे तयार असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करता येते. वयाची चौदा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांची मुदत मिळते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा असतात. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलांना तो सक्तीचं आणि मोफत शिक्षण देतो, पण घरशाळेचं वेगळं नाव त्यात कुठे नाही. म्हणून माहितीची फाइल आम्ही नीट ठेवतो.

काकू समाधानाने म्हणतात, "ती नाही का एमआयटीला गेली, तशी जाईल तुमची."

हा आमच्या घरांवरचा आशीर्वादही आहे आणि ओझंही. मुंबईची मालविका जोशी २०१६मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांशिवाय एमआयटीत गेली, ही बातमी मला दर लग्नात किमान एकदा सांगितली जाते. तिच्यामागे आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे सांगणाऱ्याला बहुतेक वेळा आठवत नाही. माझ्या मुलीने आज सकाळी चाळीस कुरडया न तुटता घातल्या. हे मी काकूंना सांगितलं नाही.

९:००

फ्रिजवर एक कागद आहे, 'राहिलेलं' नावाचा. मार्चच्या शेवटी मी तो भरला तेव्हा त्यात सदतीस गोष्टी होत्या. शिवकालाचे दोन धडे, दशांश अपूर्णांक, इंग्रजी क्रियापदांचे काळ, धाकट्याची जोडाक्षरं, गांडूळखताची नोंद, मातीचा अर्धवट राहिलेला किल्ला, जो ऑक्टोबरपासून अर्धवट आहे. तो कागद रोज बघायचा आणि रोज थकायचं, असे आठ दिवस गेले.

मग एका रात्री कात्री घेऊन बसले आणि कागदाचे तीन भाग केले. पहिला, जूनपर्यंत थांबेल असं. त्यात एकवीस गोष्टी गेल्या. दुसरा, केलंच नाही तरी कुणाचं काही बिघडणार नाही असं. त्यात बारा, आणि त्या मी सरळ केरात टाकल्या. त्यातल्या निम्म्या मी फक्त दुसऱ्या कुणाच्या मुलांना येतात म्हणून लिहिल्या होत्या, हे कापताना कळलं. तिसरा भाग, संपवायचंच असं. उरल्या चार: थोरलीची सावलीची वही, धाकट्याचं रोजचं एक पान मोठ्याने वाचन, किल्ल्याची डागडुजी आणि थोरलीचा अपूर्णांकांचा भागाकार.

एप्रिलपुरता नियमही कापून छोटा केला आहे. सकाळी वीस मिनिटं गणित, वीस मिनिटं वाचन आणि चारपैकी एका गोष्टीला तासभर. वेळ बदलायची नाही, जागा बदलली तर चालेल. नऊ म्हणजे नऊ. बाकीचा उत्साह आटला तरी घड्याळावर बसायची सवय आपोआप चालते, हे मला दुसऱ्या वर्षी समजलं. त्या वर्षी मी 'मूड नाही तर नको' म्हणत चार दिवस सोडले होते. पाचव्या दिवशी मुलांना बसवायला जेवढं भांडावं लागलं, तेवढं सगळ्या वर्षात भांडले नव्हते.

९:३०

पाऊण भागिले एक अष्टमांश.

थोरलीला नियम पाठ आहे: उलटा करून गुणा. पण कोणाला उलटं करायचं, ते तिला आठवत नाही. पहिल्या वेळी उत्तर येतं एक षष्ठांश.

"पुन्हा बघ."

पुन्हा एक षष्ठांश. तिने पहिलाच अपूर्णांक पुन्हा उलटा केला, फक्त अक्षर जास्त सुबक काढलं.

"चुकलं."

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. प्रकाशकांकडून प्रुफं येतात, त्यातल्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात. तीनशे पानांच्या पुस्तकात बरोबर छापलेली अडीच लाख अक्षरं माझ्या डोळ्यांना दिसतच नाहीत, नजर जाऊन थांबते ती ऱ्हस्व-दीर्घावर. हीच नजर घेऊन मी मुलीच्या शेजारी बसते. एप्रिलमध्ये तर तिला आणखी धार चढते. आता नऊ दिवसच उरले, आता तरी यायला हवं, एवढं साधं.

तिसऱ्यांदा एक षष्ठांश आल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात 'सहावीच्या कुठल्याही मुलाला' हे शब्द होते. शाळा सोडताना ज्या वाक्यापासून आम्ही पळालो, तेच वाक्य मी घरात उच्चारलं.

थोरलीने पेन्सिल ठेवली. "शाळेतल्या मुलांना निदान सुट्टी तरी लागते," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. धाकटा त्याआधीच जोडाक्षरांसकट पलंगाखाली शिरला होता.

१०:१५

पंखा चालू आहे. मी पाणी पिते. पलंगाखालून दोन पाय दिसतायत.

'कंटाळा आला' हे मुलांचं एकच वाक्य असतं, पण त्याचे निदान चार अर्थ होतात. झोप पुरलेली नसते. काम फार अवघड असतं. काम फार सोपं असतं. किंवा हे का करायचं, ते कळलेलं नसतं. चौघांना औषध वेगळं, आणि मी सगळ्यांना एकच देते: 'चल, थोडंच राहिलंय.' धाकट्याचा कंटाळा पहिल्या जातीचा आहे, पहाटे उठला आहे तो. त्याला उशी दिली. पलंगाखालीच झोपला.

थोरलीचा कंटाळा दुसऱ्या जातीचा, वर माझा आवाज. दारात जाऊन म्हटलं, "चुकलं माझं." ती काही बोलली नाही. मीही दुसरं वाक्य जोडलं नाही. पूर्वी जोडायचे: 'चुकलं माझं, पण तूसुद्धा...' त्या 'पण'ने माफी परत घेतली जाते, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

वही मिटली. आजचं गणित संपलं. लिहून ठेवावं असं काही झालेलं नाही.

११:१५

सासूबाईंचा उद्याचा बेत साबुदाण्याच्या पळीपापड्यांचा. त्यांनी थोरलीला हाक मारली. भिंतीपलीकडचं ऐकायला चौतीस वर्षं सरावलेले कान आहेत ते, पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

"हे बघ बाळा, साबुदाणा पाऊण किलो आहे. मी भिजवताना अदपाव-अदपाव घेते, म्हणजे अंदाज चुकत नाही. किती वेळा घ्यावा लागेल?"

"अदपाव म्हणजे?"

"पाव किलोचा अर्धा."

थोरलीने डब्याकडे पाहिलं. "सहा."

मी कांदा चिरत होते, सुरी थांबली. पाव किलोचा अर्धा म्हणजे किलोचा आठवा भाग. पाऊण भागिले एक अष्टमांश. सहा.

"कसं काढलंस?" सासूबाई अगदी साध्या आवाजात विचारतात.

"पाऊण म्हणजे तीन पाव. एका पावात दोन अदपाव. तीन दुणे सहा."

मग सासूबाई निमकी, पावकी, पाऊणकीवर आल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून ही कोष्टकं दिवेलागणीला परवच्याबरोबर म्हणून घेतली होती. पूर्णांकांचे पाढे असतात तसे पावाचे, अर्ध्याचे, पाऊणाचे, सव्वाचे, दिडाचे पाढे. बाजारात हिशेब करणाऱ्या माणसाला अपूर्णांक परके नव्हते. त्यांना घरची नावं होती: पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आम्ही त्यांना आडव्या रेघेवर आणि रेघेखाली बसवलं आणि मग मुलांना ते ओळखता येईनात.

गोष्ट इथे गोड संपली असती. पण थोरली माझ्याकडे वळून म्हणाली, "हा काही तो भागाकार नाही हं, आई. हे नुसतं स्वयंपाकघर आहे." वही उघडायला ती तयार झाली नाही. मीही आग्रह केला नाही.

१२:३३

पुण्याची खरी दुपार बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि आपण चौऱ्याहत्तरच्याही थोडे अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य डोक्याशी यायला आपल्याकडे साधारण पस्तीस मिनिटं उशीर. त्यात ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो. आज आमची वेळ बारा तेहेतीसची.

गच्ची तव्यासारखी. चप्पल घालूनच उभं राहायचं. थोरली पट्टी घेऊन गुडघ्यांवर, खाली पोतं. काठीच्या टोकाची सावली रेखीव नसते. सूर्य म्हणजे टाचणीचं टोक नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे ती. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीला शेवटी जवळजवळ सेंटीमीटरभर धुकट कड येते. धुकट भागाच्या मधोमध खूण करायची, हा नियम तिने स्वतः केला. डिसेंबरमधल्या तिच्या पहिल्या पाच नोंदी वर-खाली झाल्या होत्या, तेव्हा.

"अकरा पूर्णांक एक."

काल ११.७ होती. २२ डिसेंबरला नव्वद सेंटीमीटर होती, २१ मार्चला साडेतेहेतीस. मेच्या तेरा-चौदा तारखेला पुण्यात ती नाहीशी होईल. शून्य सावलीचा दिवस. वर्षाचा अभ्यासक्रम एप्रिलअखेर संपतो, पण ही वही मेपर्यंत चालणार, हे थोरलीनेच ठरवलंय.

ती तिथेच, उन्हात, वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडायला लागली. रोज सहा दशांश कमी होते. अकरा पूर्णांक एकमध्ये सहा दशांश किती वेळा? साडेअठरा. म्हणजे दहा मे.

"पण सगळे तेरा-चौदा म्हणतात. चुकलंय त्यांचं."

"किंवा?"

बराच वेळ काही नाही. मग तिने वही उलटी चाळली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सावली आठवडाभरात मिळून जेमतेम एक सेंटीमीटर कमी झाली होती. मार्चमध्ये रोज पाऊण सेंटीमीटर. आता सहा दशांश.

"किंवा ती रोज सारखी कमी होत नाही," ती म्हणाली. "आधी हळू, मग जोरात, आता परत हळू व्हायला लागलीये. म्हणून तीन-चार दिवस जास्त लागतील."

तिने नुकताच दशांशाचा भागाकार केला होता. तो ती तापलेल्या गच्चीवर, पोत्यावर बसून करत होती आणि तिला कुणी बसवलेलं नव्हतं. मी तसं म्हणाले नाही. म्हटलं असतं तर तो लगेच अभ्यास झाला असता.

१:३०

आमरस, पोळी, कांद्याची कोशिंबीर. मग फरशीवर आडवं होऊन वाचन. हे माझं काम, मुलांनी फक्त ऐकायचं. सध्या भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' चालू आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. शाळेत न जाणारी माझी दोन मुलं एका शाळकरी पोरासाठी जीव टाकतात. धाकट्याने एकदा विचारलं होतं, "याला शाळेत असून इतकं सगळं करायला वेळ कसा मिळतो?"

वर्षभरात बाकी सगळं कधी ना कधी बुडालं. हे वाचन एक दिवस बुडालं नाही, माझा घसा बसला होता तेव्हा सासूबाईंनी वाचलं. खचलेल्या दिवशी एकच गोष्ट करता येणार असेल तर मी हीच करते. मुलांना काही सिद्ध करावं लागत नाही, मलाही नाही.

२:३०

माझे दोन कामाचे तास. एका पाकपुस्तकाची प्रुफं, त्यात 'चिमूटभर' शब्द तीन तऱ्हांनी. मुलं आपापली. थोरली किल्ल्याच्या बुरुजाला माती लिंपतेय, धाकटा तिला पाणी देतोय आणि निम्मं स्वतःवर घेतोय. अर्धा तास स्क्रीन दिली आहे. एप्रिलमध्ये मी त्याबद्दल स्वतःला रागावत नाही.

तीनच्या सुमाराला माझा डोळा लागला. उठले तेव्हा टेबलावरची नोंदवही हललेली होती. रोज रात्री मी तीत चार ओळी लिहिते, जूनपासून. सासूबाई चष्मा लावून खिडकीशी बसलेल्या. मी काही विचारलं नाही.

५:००

बुधवारी आम्ही पाच-सहा कुटुंबं कोथरूडमधल्या बागेत जमतो. मुलं झाडांवर, आईबाप सावलीत. जूनमध्ये आमच्या गप्पा पुस्तकांच्या असतात, जॉन होल्ट आणि अरविंद गुप्तांच्या. एप्रिलमध्ये एकच विषय: कोण किती वैतागलंय. अमेरिकेतली घरशाळावाली मंडळी फेब्रुवारीत मरगळतात म्हणे, थंडीत कोंडून. आपली मरगळ उन्हाची.

एका बाबांचा मुलगा या महिन्यात एनआयओएसची दहावी देतोय. त्यांच्या कपाळावर आठ्या. मुलगा वडाच्या पारंबीला लोंबकळतोय. ते म्हणाले, "त्याला काही वाटत नाहीये. मला रात्री झोप नाही." सगळे हसलो, कारण सगळ्यांचं तेच. एप्रिलमध्ये आमच्यापैकी प्रत्येकाला कागद हवा असतो, आकडे लिहिलेला, कुणालाही दाखवता येईल असा. तो नसतो म्हणून आम्ही मुलांकडून शेवटच्या पंधरवड्यात तो पिळून काढायला बघतो. मग मुलं पळतात आणि आम्ही म्हणतो, मुलांचा हुरूप संपला.

मग तिथेच ठरलं. एक मेला सकाळी सगळ्यांनी आमच्या गच्चीवर यायचं. प्रत्येक मुलाने एक पूर्ण झालेली वस्तू आणायची. चालू असलेली, अर्धी, 'होईल आता' अशी चालणार नाही. लहान असली तरी चालेल. वही, विणलेला रुमाल, पाठ केलेली गोष्ट, दुरुस्त केलेली सायकल.

६:४५

कुरडया आत घ्यायची वेळ. वरून कडक, खालून अजून दमट. आज सोडवायच्या नाहीत, कागदासकट उचलायच्या; उद्या उलटायच्या. तीन उन्हं लागतात. कच्च्या डब्यात भरल्या तर बुरशी.

कागदाची दोन टोकं सासूबाईंकडे, दोन माझ्याकडे. मी सहज विचारलं, "आई, तुमच्या शाळेत एप्रिलमध्ये काय करायचात?"

"एप्रिलमध्ये?" त्या हसल्या. "सकाळची शाळा. साडेअकराला पोरं घरी. शिकवायचं काय त्यात? जे झालं ते म्हणून घ्यायचं, पेपर तपासायचे, निकालपत्रकं भरायची. नवीन काही घ्यायला गेलं तर पोरांच्या डोक्यात शिरत नाही. ऊन असतं ना." त्या कागद जिन्याच्या दारातून तिरका करत म्हणाल्या, "कुरडई घातल्यावर वरून परत चीक ओततं का कुणी?"

चार वर्षं मी मनात शाळेशी शर्यत लावत होते. शाळेतली मुलं आता कुठे पोचली असतील, आमची कुठे आहेत. आणि शाळा तर एप्रिलमध्ये धावतच नव्हती. ती वाळवत होती. जून ते मार्च जे कालवलं, शिजवलं, त्यातलं पाणी जाऊ देत होती, म्हणजे डब्यात भरल्यावर टिकेल. मला सदतीस गोष्टींचा कागद भरायचा होता, तेव्हाच खरं तर ओतणं थांबवायला हवं होतं.

८:००

नवरा आला. पिठलं-भात. जेवताना थोरलीने त्याला दहा मे आणि तेरा मेचं भांडण समजावलं, ताटात भाताची सावली करून. धाकट्याने त्याचं पान वाचलं. 'प्रश्न'ला अडला, 'उत्तर'ला अडला नाही. नवरा दोघांना घेऊन अंगणात सायकलला गेला. त्याची शाळा तीच, आणि ती वर्षभर चालते.

९:४५

मुलं झोपली. नोंदवही उघडली. आजच्या तारखेखाली मी लिहिणार होते: सावली ११.१. किल्ल्याचा एक बुरूज पुरा. वाचन एक पान. गणित झालं नाही, मी ओरडले.

तारखेखाली आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. फळ्यावर चौतीस वर्षं खडू फिरलेल्या हाताचं अक्षर, प्रत्येक उकार वळणदार:

'अपूर्णांकांचा भागाकार: तोंडी येतो. लेखी जूनमध्ये घ्यावा.'

खाली लपेटदार सही, आणि सहीखाली तारीख.

मी ती ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा सवयीने चुकांसाठी. मग फ्रिजवरच्या कागदावरच्या चारपैकी एक गोष्ट खोडली. सावलीचा आकडा लिहिला, बुरूज लिहिला, ओरडलेलंही लिहिलं.

गजर साडेपाचचा लावला. उद्या कुरडया उलटायच्या आहेत, आणि सावली साडेदहाच्या आसपास भरायला हवी.